स्वभाव, शेजार आणि संस्कार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने चार शब्द बोलावेत असे कार्यवाहांनी सुचविले, तेव्हा आमचा पहिला उद्गार ‘आम्ही कसले वक्ते?’ असाच होता. आम्ही बी. ए. झालो त्यास तीन दशकांहून अधिक काळ लोटला. मानसशास्त्र हा त्या वेळी आमचा दुय्यम विषय होता, आणि पुढील सारे आयुष्य केंद्र सरकारच्या सेवेत, फायलींवर शेरे मारण्यात गेले. तथापि शेरे मारणाऱ्या माणसास एका प्रश्नापासून सुटका नसते. माणूस असा का वागतो? या प्रश्नाचे चुकीचे उत्तर दिल्यामुळे आमच्या हातून एकदा एका सज्जनाचे नुकसान झाले. त्याची कबुली देण्यासाठी कानपूरच्या या आप्तमेळाव्यासारखे दुसरे स्थळ नाही, म्हणून आम्ही हे निमंत्रण स्वीकारले.

आपल्या भाषेत या प्रश्नाची दोन उत्तरे पूर्वापार प्रचलित आहेत, आणि ती एकमेकांशी भांडतात. एक म्हण सांगते, स्वभावाला औषध नाही. दुसरी सांगते, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. पहिलीच्या मते माणसाचे वर्तन त्याच्या आतून येते. दुसरीच्या मते ते गोठ्यातल्या शेजारावर अवलंबून असते. या दोहोंत तिसरी एक गोष्ट मिळवावी लागते. ती म्हणजे घरात, भाषेत आणि रीतिरिवाजात मुरलेला संस्कार. मन, समाज आणि संस्कृती अशी भारदस्त नावे शास्त्रज्ञ यांना देतात. आम्ही आज स्वभाव, शेजार आणि संस्कार हे घरगुती शब्द वापरणार आहोत.

प्रथम संस्काराविषयी. काही वर्षांपूर्वी आमची बदली लखनौला झाली. आमची कन्या तेव्हा सहा वर्षांची होती. एके दिवशी अंगणातून तिने आईला हाक मारली, ‘आई, तू बाहेर ये ना!’ शेजारच्या वृद्ध गृहिणी मोठ्या प्रेमळ होत्या. पण ‘तू’ हा शब्द त्यांच्या कानी पडला आणि त्या व्यथित झाल्या. संध्याकाळी त्यांनी आमच्या सौभाग्यवतींना बाजूस घेऊन हलक्या आवाजात सुचविले, ‘बिटिया से आप कहलवाया कीजिए.’ ज्या घरात चार वर्षांच्या नातवालाही आजी ‘आप’ म्हणते, त्या घराला आईस ‘तू’ म्हणणारी मुलगी उर्मट वाटणे स्वाभाविक होते. आमच्या सौभाग्यवती मात्र रात्री रडल्या. आपण मुलीला वळण लावण्यात उणे पडलो, असे त्यांना क्षणभर वाटून गेले.

वस्तुतः आपल्याकडे आई ही ‘अगं’ची धनीण आहे. वडिलांना ‘अहो’ म्हणणारी पिढी आईला ‘तू’च म्हणत असे, आणि साक्षात विठ्ठलालाही आपण एकेरीतच हाक मारतो. जिथे जिव्हाळा अधिक तिथे एकवचन, हे मराठीचे व्याकरण. जिथे जिव्हाळा तिथेही अदब, हे लखनौचे व्याकरण. शब्द एकच, त्यामागील प्रेमही एकच, आणि निवाडे मात्र उलट! गंमत अशी, की त्या शेजारणीचे ‘आप’ ऐकून आमच्या घरातही ‘काय हे कृत्रिम वागणे’ असे उद्गार निघत. दोन्ही घरांनी संस्कारालाच स्वभाव समजण्याची चूक केली होती.

याहून खोल उदाहरण नात्यांचे आहे. इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा ग्रंथ 1953 साली प्रसिद्ध केला. भारतातील नातेव्यवस्थेची प्रदेशवार मांडणी करताना त्यांनी उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील रीतींचा संगम आपल्या मध्य भागात दाखविला. आपल्यातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह हा चालत आलेला रिवाज आहे. लहानपणी या नात्यावरून झालेली चेष्टा येथे बसलेल्या अनेकांना आठवत असेल. दक्षिणेत तर काही समाजांत मामा-भाचीचाही विवाह होतो. परंतु हीच गोष्ट आम्ही एकदा कचेरीतील उत्तर भारतीय स्नेह्यांपाशी सहज बोललो, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अक्षरशः किळस उमटली. त्यांच्या लेखी मामेबहीण ही सख्खी बहीणच. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानेही निषिद्ध नाती सांगताना रूढीचा अपवाद मान्य केला आहे. जवळच्या नात्यातील विवाह वैद्यकीय दृष्ट्या इष्ट नव्हे, हा भाग निराळा. आम्हांस लक्ष वेधावयाचे आहे ते त्या किळसेकडे. किळस ही पोटातून येते, ती कोणी विचार करून आणत नाही. अशी आतून आलेली भावनादेखील प्रदेश बदलला की बदलते. म्हणजे संस्कार माणसाच्या बाहेर राहत नाही. तो त्याच्या पोटात जाऊन बसतो आणि तेथून स्वभावाच्या आवाजात बोलतो.

आता आमच्या कबुलीकडे वळतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या हाताखाली एक सहायक होते. पूर्वेकडील एका खेड्यातून आलेले, वयाने आमच्याहून थोडे लहान. काम चोख; परंतु बैठकीत तोंडातून शब्द निघत नसे. मत विचारले तर ठराविक उत्तर मिळे, ‘जैसा आप उचित समझें.’ आम्ही पडलो रोखठोक बोलण्यास गुण मानणाऱ्या मुलखातले. ज्याला मत असते तो ते मांडतो, ही आमची खात्री. वार्षिक गोपनीय अहवाल लिहिण्याची वेळ आली. समोरच्या तक्त्यात बुद्धी, पुढाकार, निर्णयशक्ती असे रकाने होते. पुढाकाराच्या रकान्यात आम्ही लिहिले, ‘अभाव’. एकूण श्रेणी दिली, ‘साधारण’. त्या काळच्या पद्धतीत ‘साधारण’ हा प्रतिकूल शेरा समजला जात नसे, त्यामुळे तो संबंधितास कळविलाही जात नसे. पदोन्नतीची यादी निघाली तेव्हा त्यांचे नाव तीत नव्हते. ते एक वर्ष मागे राहिले, आणि का राहिले हे त्यांना समजले नाही.

पुढे त्यांच्या कन्येच्या विवाहास आम्ही त्यांच्या गावी गेलो. तेथे पाहतो तो हेच गृहस्थ शेकडो पाहुण्यांची व्यवस्था एकहाती सांभाळीत होते. मंडप, पाणी, पंगती, वराकडील रुसवेफुगवे, सर्वत्र त्यांचा शब्द चालत होता. इतक्यात त्यांचे थोरले बंधू आले. त्याबरोबर आमचे सहायक खुर्चीवरून उठले, दोन पावले मागे सरले, आणि मान खाली घालून गप्प उभे राहिले. बंधू जे सांगतील त्याला फक्त होकार. कचेरीत आम्हांस दिसणारा माणूस तो हाच! आम्ही त्या क्षणी ओळखले, की कचेरीतील थोरले बंधू आम्ही होतो. आम्ही ज्याला पुढाकाराचा अभाव म्हटले, ती त्यांच्या घरची मर्यादा होती.

परत आल्यावर आम्ही त्यांना एकटे बोलावून, प्रलंबित निवृत्तिवेतन-प्रकरणांविषयी काय करावे ते लिहून द्या, असे सांगितले. त्यांनी सहा पृष्ठांचे टिपण आणले. त्यातील सूचना आम्हांस तीन वर्षांत सुचल्या नव्हत्या. ‘हे आजवर का बोलला नाहीत?’ असे विचारता ते संकोचाने म्हणाले, ‘आपने कभी पूछा ही नहीं, साहब.’ सर्वांसमक्ष, वरिष्ठांच्या तोंडावर विचारणे हे त्यांच्या लेखी विचारणे नव्हतेच. पुढील वर्षी आम्ही शेरा बदलला. मागील वर्ष मात्र परत देता आले नाही. ते आम्ही त्यांना कधी सांगितले नाही. प्रथम नियम आडवा आला, आणि नंतर धैर्य आडवे आले.

या चुकीला शास्त्रात नाव आहे. जोन्स आणि हॅरिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1967 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. क्यूबाच्या कॅस्ट्रोच्या बाजूने वा विरुद्ध लिहिलेले निबंध त्यांनी विद्यार्थ्यांस वाचावयास दिले. लेखकाला बाजू नेमून दिलेली होती, हे स्पष्ट सांगूनही वाचणारे, लेखकाचे खरे मत निबंधाप्रमाणेच असावे, असा तर्क करीत राहिले. दुसऱ्याच्या वर्तनात परिस्थितीचा वाटा कमी आणि स्वभावाचा वाटा अधिक धरण्याच्या या खोडीला ली रॉस यांनी 1977 साली मूलभूत आरोपण-दोष असे नाव दिले. आपण स्वतः उशिरा पोहोचलो तर आगगाडी रेंगाळलेली असते. दुसरा उशिरा आला तर तो मुळातच बेशिस्त असतो.

परंतु हा दोष सर्व मानवजातीत सारखाच आहे काय? जोन मिलर या विदुषीने 1984 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात शिकागो आणि आपल्याकडील म्हैसूर या दोन शहरांतील लोकांकडून परिचितांच्या वर्तनाची कारणे जाणून घेतली. आठ वर्षांच्या मुलांत फारसा फरक आढळला नाही. वय वाढत गेले तसे शिकागोची माणसे स्वभावाकडे अधिक बोट दाखवू लागली, आणि म्हैसूरची माणसे नाती, प्रसंग, परिस्थिती यांकडे. म्हणजे कारणे शोधण्याची पद्धतदेखील संस्काराने घडते. मग आम्ही भारतीय असून असे का केले? याचे उत्तर आम्ही स्वतःपुरते शोधले आहे. आमच्या समोरच्या तक्त्यात स्वभावाचे रकाने पुष्कळ होते, परिस्थितीचा एकही नव्हता. घरी आम्ही माणसाला त्याच्या गोतावळ्यासह ओळखतो. खुर्चीवर बसलो की रकान्यांतून पाहतो. खुर्ची हाही एक शेजारच आहे, आणि तिचाही गुण लागतो. हे कारण झाले. निमित्त म्हणून ते पुढे करण्याचा अधिकार आम्हांस नाही. रकाना छापील असला तरी लेखणी आमचीच होती.

आता शेजाराविषयी. सॉलोमन ॲश हे मूळचे वॉर्साचे, बालपणीच अमेरिकेत गेलेले. 1951 साली त्यांचे प्रसिद्ध झालेले प्रयोग अगदी साधे होते. एका पत्त्यावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. या तिहींपैकी कोणती पहिलीएवढी, ते सांगावयाचे. उत्तर शाळकरी मुलालाही दिसावे असे. पण खोलीत बसलेल्यांपैकी एक सोडून सारे आधीच शिकवून ठेवलेले असत, आणि ते एकमुखाने चुकीचे उत्तर देत. अशा वेळी त्या एकट्या माणसाची सुमारे एक-तृतीयांश उत्तरे डोळ्यांना दिसत असूनही बहुमताप्रमाणे चुकली. जवळजवळ एक-चतुर्थांश माणसे मात्र एकदाही ढळली नाहीत. पुढे 1996 साली बाँड आणि स्मिथ यांनी 17 देशांतील अशा 133 प्रयोगांचा एकत्र विचार केला, तेव्हा समूहाला अधिक महत्त्व देणाऱ्या संस्कृतींत हे झुकणे अधिक असल्याचे दिसून आले.

परंतु ॲश यांच्या प्रयोगातील जो भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो, तो पुढेच आहे. त्यांनी त्या खोलीत खरे उत्तर देणारा एकच साथीदार बसविला. फक्त एक. तेवढ्याने बहुमताचा दाब चौथाईवर आला.

बंधुभगिनींनो, येथील शाळेत जाणारी आपली मुले रोज त्या खोलीत बसतात. चाळीस मुलांच्या वर्गात आडनाव वेगळे, डब्यातली पोळी-उसळ वेगळी. ‘हम जा रहे हैं’ असे एकटादेखील म्हणणाऱ्या या प्रदेशात वाढलेला आमचा मुलगा पुण्याला आजीला म्हणाला, ‘आम्ही बाजारात जातो,’ तेव्हा आजीने दारात डोकावून विचारले, ‘आणखी कोण रे तुझ्याबरोबर?’ या हिंदी वळणाचे आम्हांस वाईट वाटत नाही. तो इथल्या शेजाराचा सुंदर गुण आहे. वाईट वाटते ते मुलाला जेव्हा मित्रांसमोर आईशी मराठीत बोलण्याची लाज वाटते तेव्हा. आमच्या घरी हे घडले आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी घडले असेल. त्याला अभिमानाचा अभाव म्हणून रागावणे म्हणजे आम्ही त्या सहायकाच्या रकान्यात लिहिलेला शब्द पुन्हा लिहिणे होय. मूल तेथे एकटे असते. त्याला व्याख्यान नको, एक साथीदार हवा. मंडळाच्या बालनाट्यात, गणेशोत्सवाच्या पंगतीत, सुट्टीतल्या वर्गात असे दोन-चार साथीदार त्याला भेटतात. मंडळाने 50 वर्षांत काय केले, असे कोणी विचारल्यास आम्ही इतकेच सांगू, की त्याने अनेक मुलांना तो दुसरा आवाज मिळवून दिला.

येथे एक शंका उपस्थित होईल. सारे काही शेजार आणि संस्कार करीत असतील, तर माणसाचे स्वतःचे असे काही उरते की नाही? उरते. इरावतीबाईंचे श्वशुर महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. 1893 साली त्यांनी पुण्यात गोदूबाई या विधवा तरुणीशी विवाह केला, आणि मुरुड या त्यांच्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या संस्काराने गावाचे वर्तन घडविले त्याच संस्कारात अण्णा कर्वे वाढले होते. तरी ते ढळले नाहीत. 1896 साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, 1916 साली महिला विद्यापीठ स्थापन केले, आणि 1958 साली राष्ट्राने त्यांना भारतरत्न दिले. परंतु तेही सर्वस्वी एकटे नव्हते. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या होत्या, आणि त्यांच्या वडिलांनी या विवाहास संमती दिली होती. धैर्य हे माणसाचे स्वतःचेच असते. मात्र ते टिकण्यासाठी त्याच्या बाजूस कोणी तरी उभे असावे लागते.

कुर्ट लेविन या शास्त्रज्ञाने 1936 साली हे सूत्ररूपाने मांडले होते. माणसाचे वर्तन हे माणूस आणि त्याची परिस्थिती या दोहोंचे मिळून फलित असते, असे त्याचे म्हणणे. लेविन यहुदी, नाझी राजवट येताच 1933 साली जर्मनी सोडून तो अमेरिकेत गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे मांसाची टंचाई होती. गुराचे हृदय, मूत्रपिंड असे सहसा न शिजविले जाणारे भाग गृहिणींनी वापरावेत, अशी सरकारची इच्छा. उदाहरण सामिष आहे, शाकाहारी मंडळींनी क्षमा करावी. काही गटांना लेविनने उत्तम व्याख्याने ऐकविली. काही गटांना आपसांत चर्चा करून स्वतःच निर्णय घेण्यास सांगितले. पुढे चौकशी केली, तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी अवघ्या 3 टक्के स्त्रियांनी असा नवा पदार्थ करून पाहिला होता. एकत्र बसून निर्णय घेतलेल्यांत हे प्रमाण 32 टक्के होते.

तेव्हा आमच्या या व्याख्यानाचे भवितव्य 3 टक्के आहे, हे आम्ही जाणून आहोत! म्हणून अध्यक्षमहाराजांच्या अनुमतीने आम्ही एक विनंती करतो. चहापानाच्या वेळी आठ-आठ, दहा-दहा जणांनी एकत्र बसावे आणि आपल्या घरापुरती एखादी छोटी गोष्ट ठरवावी. कोणी आठवड्यातून एक जेवण केवळ मराठीत बोलत करावे. कोणी आपल्या मुलाच्या इथल्या मित्राला गणपतीच्या आरतीस बोलवावे, म्हणजे दोन जगांतील भिंत त्या मुलाला एकट्याने ओलांडावी लागणार नाही. वृद्धांनी नातवंडांच्या चुकलेल्या मराठीस हसण्याआधी ती कोठून आली हे विचारावे. काय ठरवावे ते आम्ही सांगत नाही. आम्ही सांगितले की प्रमाण पुन्हा 3 टक्क्यांवर येईल.

आपल्या शहराशेजारीच बिठूर आहे. 1818 साली राज्य गेल्यावर दुसरे बाजीराव तेथे आले, आणि त्यांच्यामागोमाग अनेक मराठी कुटुंबे गंगेच्या काठी येऊन राहिली. त्यांनाही नवी भाषा, नवे शेजारी आणि नवे रिवाज यांतून वाट काढावी लागली असेल. आपणही तेच करीत आहोत. या वाटेवर एकच पथ्य आम्ही अनुभवाने शिकलो, आणि तेही दुसऱ्याच्या नुकसानीतून शिकलो. कोणाच्याही वर्तनावर स्वभावाचा शिक्का मारण्यापूर्वी त्याचे घर पाहावे, त्याचा शेजार पाहावा, आणि त्याला विचारावे. सर्वांसमक्ष विचारू नये. त्याला उत्तर देता येईल अशा रीतीने विचारावे. शेजारणीला विचारावे, सुनेला विचारावे, हाताखालच्या माणसाला विचारावे, आणि स्वतःच्या मुलांनाही विचारावे.

ते सहायक आता निवृत्त झाले आहेत. दरवर्षी दिवाळीला त्यांचा दूरध्वनी येतो आणि ते ‘साहब, प्रणाम’ म्हणतात. येत्या दिवाळीला त्यांचा दूरध्वनी येण्यापूर्वी आम्हीच तो करू, आणि त्या वर्षीचा शेरा कोणी लिहिला हे त्यांना सांगू. हा आमचा निर्णय आम्ही आपणां सर्वांसमक्ष घेत आहोत, म्हणजे तो मोडणे आम्हांस कठीण जाईल. लेविनचे म्हणणे खरे असेल तर एवढा आधार पुरेसा आहे.

 मंडळाचा शतकमहोत्सव आपल्या नातवंडांनी याच शहरात, मराठीत साजरा करावा, ही श्रीचरणी प्रार्थना.